चेक इंजिनचा दिवा आणि पेट्रोलची वाफ: या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४४१ नाहीतर पी०४५५ असा पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेचा कोड दिसतो आणि पुढच्या पाच मिनिटांत एक तर कोड पुसला जातो, नाहीतर गाडीमालकाला कॅनिस्टर बदलायला सांगितलं जातं. माझ्याकडे अशा गाड्या बहुतेक वेळा यातलं काहीतरी करून झाल्यावरच येतात. दोष जिथल्या तिथे, पैसे मात्र गेलेले.

आधी वाफेची वाट डोक्यात पक्की करा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, उभ्या गाडीच्या टाकीतही पेट्रोलची वाफ होत राहते. ती हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये धरून ठेवतात. इंजिन गरम होऊन नीट चालू लागलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, कॅनिस्टर आणि इंजिनच्या मधला पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळतं. ओढताना बाहेरची ताजी हवा आत यावी म्हणून कॅनिस्टरला व्हेंटची वेगळी वाट असते. टाकी, कॅनिस्टर, पर्ज, व्हेंट, झाकण आणि मधले पाइप, एवढाच पसारा. स्कॅनरवर यालाच इव्हॅप म्हणतात. डिझेल गाडीत हे प्रकरण नसतं.

कोड वाचण्याआधी पुसू नका

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कोड पुसला की त्यासोबत फ्रीझ फ्रेमही जाते. दोष नोंदला गेला तेव्हा इंजिन किती गरम होतं, गाडी किती वेगात होती, बऱ्याच गाड्यांत टाकीत पेट्रोल किती होतं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. शिवाय गाडीची स्वतःची तपासणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. गळतीची तपासणी गाडी वाटेल तेव्हा करत नाही. बहुतेक गाड्यांना इंजिन रात्रभर थंड झालेलं लागतं आणि टाकी ना भरलेली ना रिकामी, साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे लागते. म्हणून कोड पुसल्यावर दिवा काही दिवस विझलेला राहतो, मिस्त्री म्हणतो झालं काम, मालक पैसे देतो आणि दिवा पुन्हा लागतो. स्कॅनर लावल्यावर मी पहिल्यांदा फ्रीझ फ्रेमचा फोटो काढतो, मगच बॉनेट उघडतो. कामावरच्या पोरांनाही तीच ताकीद आहे.

नोझल आपोआप कट झाल्यावर आणखी पेट्रोल भरू नका

बार्शीकडचे एक शेतकरी गाडी घेऊन आले. तक्रार एकच होती. ‘‘पेट्रोल भरलं की पंपावरच अडते ओ मिस्त्री. एरवी गाडी एक नंबर.’’ त्याआधी दुसरीकडे फ्युएल पंप बदलून झाला होता, प्लग नवे होते, इंजेक्टरही साफ केलेले. मी विचारलं, ‘‘टाकी अर्धी असताना अडते का?’’ म्हणाले, ‘‘कधीच नाही.’’ ‘‘आणि भरता कसं?’’ ‘‘कट झालं की अजून थोडं घालाय लावतो, गोल आकडा होईस्तोवर.’’

निम्मं उत्तर तिथेच मिळालं. इंजिन आयडलवर ठेवलं, पर्ज व्हॉल्व्हचा कनेक्टर काढला आणि कॅनिस्टरकडून येणारा पाइप सोडून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट धरलं. करंट नसताना हा व्हॉल्व्ह बंद असायला हवा, ओढ लागता कामा नये. इथे बोट चांगलंच खेचलं जात होतं. व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या कापडावर आपटला तर कोळशाचे काळे कण पडले. कॅनिस्टर उतरवला तर हातालाच जड लागला, आत पेट्रोल होतं.

कॅनिस्टर वाफेसाठी असतो, पातळ पेट्रोलसाठी नाही. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीतलं पेट्रोल त्यात शिरतं, कोळसा निकामी होतो, त्याचे कण सुटून पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. मग पेट्रोल भरताना टाकीतून रेटली जाणारी वाफ थेट इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये जाते, मिश्रण फार रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त होतं, आणि स्टार्टर फिरत राहतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की गाडी घेते, ही त्याची ओळख. नुसता व्हॉल्व्ह बदलला असता तर उरलेल्या कणांनी नवाही धरला असता. मी दोन्ही बदलले आणि मधला पाइप फुंकून साफ केला. ते म्हणाले, ‘‘मग आधीचा पंप?’’ पंपाला काहीच झालं नव्हतं, हे सांगताना मलाच वाईट वाटलं. दोन प्रश्न विचारले असते तर त्या माणसाचे पैसे वाचले असते.

बाकीच्या चुका

गळती शोधायला कंप्रेसरची हवा वाफेच्या लाइनमध्ये सोडू नका. धूर सोडून गळती दाखवणारं स्मोक मशीन साधारण अर्ध्या पीएसआय दाबावर चालतं, एकच्या वर मी जाऊच देत नाही. टायर भरायच्या हवेनं कॅनिस्टर आणि टाकीचा सेन्सर दोन्ही जातील.

पी०४४३ किंवा पी०४४४ आला तर तो व्हॉल्व्हच्या वायरिंगचा कोड आहे. किल्ली ऑन करून कनेक्टरच्या एका पिनवर बॅटरीचं व्होल्टेज येतं का ते बघा, मग कॉइलचा रोध मोजा. बऱ्याच गाड्यांत तो २० ते ३० ओहमच्या आसपास असतो, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. एवढं केल्याशिवाय नवा व्हॉल्व्ह मागवू नका.

भरताना नोझल पुन्हा पुन्हा कट होत असेल तर पंपवाल्याशी भांडू नका. व्हेंटची वाट धुळीनं तुंबली आहे का ते पाहा.

झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला, पण त्याच गाडीचं घ्या. आत व्हॉल्व्ह नसलेलं स्वस्त झाकण लावून पैसे वाचत नाहीत.

उसाच्या पट्ट्यातल्या गाड्यांचे रबरी पाइप उंदीर कुरतडतात. टाकीच्या वर, जिथे डोळा पोचत नाही, तिथे आरसा घालून बघा.

सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल तर पर्जचा पाइप सुटलेला किंवा भलत्याच जागी जोडलेला नाही ना, हे सगळ्यात आधी तपासा.

आणि खड्ड्यात उतरून काम करत असाल तर बिडी, उघडा बल्ब, ग्राइंडर काहीही जवळ नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही.

काम झाल्यावर टाकी अर्धी ठेवून गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी थंड इंजिनवर काढून पुणे हायवेला मोहोळपर्यंत एकसारख्या वेगात नेऊन आणा. मग स्कॅनरमध्ये इव्हॅपसमोर ‘रेडी’ आलंय का ते बघा. ज्या गाडीत ती तपासणीच नसते, तिथे गाडी चांगली गरम झाल्यावर लाइव्ह डेटात पर्ज उघडताना फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, हलतो का, हे पाहूनच किल्ली मालकाच्या हातात द्या.