ऑक्शनला जायच्या आधी: जुन्या तलवारी, बिल्ले आणि छर्ऱ्याच्या बंदुका

कॅटलॉग हातात आलं की पहिले दोन दिवस फोटो बघण्यात जातात, जाऊ द्या, तेवढी मजा हवीच, पण तिसऱ्या दिवशी पेन घेऊन बसायचं आणि शेवटच्या पानांवरचे ते बारीक अक्षरातले नियम वाचायचे. हातोडा 50 हजारांवर पडला म्हणजे 50 हजार दिले की झालं असं नसतं. वर बायर्स प्रीमियम असतो, म्हणजे ऑक्शनवाले घेणाऱ्याकडून घेतात ते कमिशन, तो समजा 15 टक्के धरला तर साडेसात हजार तिथेच वाढले, मग जीएसटी, मग पॅकिंग, मग ग्वाल्हेरपर्यंतचं कुरिअर. म्हणून हिशोब उलटा करायचा, घरातून एकूण किती जाऊ शकतात तिथून मागे येत येत बोलीचा आकडा काढायचा आणि लॉट नंबरसमोर (लॉट म्हणजे विक्रीला ठेवलेली एकेक वस्तू) पेनानेच लिहायचा. पेन्सिलीचा आकडा हॉलमध्ये बसल्यावर खोडावासा वाटतो.

आता कायदा, कंटाळवाणा आहे पण हे आधीच उरकून घ्या. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी जुन्या घरांत दसऱ्याच्या पूजेत ठेवायची तलवार असते, त्यामुळे तलवारीचं एवढं काय असं वाटतं, पण देवघरातली तलवार वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी. मध्य प्रदेशात मोठ्या पात्याचं हत्यार लायसन्सशिवाय रस्त्याने घेऊन फिरलात तर आर्म्स ॲक्टचं कलम 25 लागू शकतं आणि तिथे तुमचा इतिहासाचा अभ्यास कोणी विचारत नाही. म्हणून आधी कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेत जाऊन विचारून या, आणि नंतर माल आणताना पक्कं बिल, कॅटलॉगच्या त्या पानाची झेरॉक्स आणि आधार कार्ड जवळ ठेवा, बिलावरचं नाव आधारसारखंच असू द्या, तलवार गुंडाळून डिकीत, स्कूटरवर मांडीशी धरून अजिबात नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल किंवा शहरात जमावबंदीचा 163 चा आदेश असेल (आधीचं 144 तेच हे) तर डिलिव्हरी पुढे ढकला.

दुसरा कायदा 1972 चा, पुरावशेषांचा. 100 वर्षं झालेली वस्तू पुरावशेष धरली जाते, म्हणजे पहिल्या महायुद्धातली तलवारसुद्धा आता त्यात आली. विकणाऱ्याकडे लायसन्स हवं आणि वस्तू देशाबाहेर न्यायची नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याला गिफ्ट द्यायचा बेत असेल तर त्याला पैठणीच द्या. आणि हस्तिदंती मूठ दिसली की कितीही सुंदर असो, पान उलटा, हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे आणि जुनं आहे म्हणून सूट मिळेल या भरवशावर राहू नका.

प्रीव्ह्यूचा, म्हणजे ऑक्शनआधी वस्तू हातात घेऊन बघायचा दिवस चुकवायचा नाही. खिशात दहा पटीचं भिंग, छोटा टॉर्च, लोहचुंबक, बारीक माप घ्यायचा व्हर्नियर किंवा निदान टेप आणि सुती हातमोजे एवढंच. हातात घेतल्यावर वस्तू समोरून बघायचा मोह आवरा, समोरची बाजू सगळेच चमकवून ठेवतात, तुम्ही मागे बघा, आत बघा, सांध्यात बघा.

तलवार घ्या. आपली देशी तलवार म्हणजे ती थाळीसारखी चकती असलेली मूठ, ती आतून पोकळ असते, पात्याची शेपटी आत घालून लाख-राळेने बसवलेली. पातं मुठीत शिरतं तिथे टॉर्च मारा. जुनी राळ काळपट, भेगाळलेली, कडेने थोडी झडलेली दिसते. तिथे गुळगुळीत राखाडी काही दिसलं तर ते एम-सील आहे, म्हणजे मूठ एकीची आणि पातं दुसरीचं असू शकतं, निदान कोणीतरी अलीकडे उघडून बसवलंय हे नक्की. मूठ किंचित हलते म्हणून घाबरू नका, जुनी राळ सुटते, मला तर हलणारी मूठ जास्त खरी वाटते. पात्यावर जौहर, म्हणजे पोलादातली पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, दिसला तर भिंगातून बघा, खरा जौहर पोलादाच्या अंगातच असतो, ॲसिडने काढलेला वर बसलेला असतो आणि खरचटलं तिथे तुटतो. सोन्याची कोफ्तगरी, म्हणजे पोलादावर सोन्याच्या तारेची नक्षी, उदयपूरकडे आजही होते आणि झकास होते, त्यामुळे नुसतं सोनं बघून वय ठरवू नका. मुठीवर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं किंवा आकडे दिसले तर थांबा आणि वाचा, त्या संस्थानाच्या शिलेखान्याच्या (शस्त्रागाराच्या) हिशोबाच्या खुणा असतात, बिकानेरच्या सगळ्यात प्रसिद्ध. बाहेरचे लोक त्याचे फोटो काढून वाचणारा शोधत बसतात, आपल्याला फुकटात वाचता येतात, फायदा घ्या.

आणि गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत. ग्वाल्हेरात राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, त्यामुळे इकडे दर दुसरी तलवार 1858 च्या जूनमधलीच निघते. कागद असेल तर दाखवा म्हणायचं, नसेल तर नुसत्या पोलादाचा भाव.

इंग्रजी ऑफिसरांच्या तलवारींचं सोपं असतं कारण त्या स्वतःच बोलतात. पात्यावर राजाची अक्षरं असतात, व्हीआर म्हणजे व्हिक्टोरिया, मग एडवर्ड 1901 ते 1910, मग पाचवा जॉर्ज 1936 पर्यंत. विल्किन्सन या इंग्रज कारखान्याची असेल तर मुठीजवळ पात्याच्या पाठीवर नंबर बघा, त्यावरून साल काढता येतं. सैन्याला सरकारी पुरवठ्यातून दिलेल्या तलवारींवर आयएसडी आणि बाणाची खूण सापडते, म्हणजे इंडिया स्टोअर्स डिपार्टमेंट, आणि कारखान्याचं नाव बरेचदा बर्मिंगहॅमचं मोल. हे काहीच नसेल आणि पातं आरशासारखं असेल तर देहरादून आठवा, तिथे आजही परदेशी सैन्यांसाठी उत्तम तलवारी बनतात, त्यात वाईट काही नाही, फक्त जुन्याच्या भावात घेऊ नका.

बिल्ल्यांना सगळ्यात आधी पालथं करायचं. ठशाने दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर समोरच्या नक्षीचा उलटा खळगा दिसतो. ओतीव नकलेची पाठ बहुतेक सपाट किंवा बारीक छिद्रांची, कडा बोथट, आणि खऱ्यावरून साचा काढून ओतलेली असेल तर धातू आकसल्यामुळे ती मापाला किंचित लहान भरते, व्हर्नियर त्यासाठीच. चुंबक चिकटला तर ते पितळ नाही, पुढचा लॉट. शिंद्यांच्या फौजेचा नाग आणि सूर्य दिसला की आपलं मन विरघळतं हे विकणाऱ्यालाही माहीत असतं.

एक गोष्ट मात्र ग्वाल्हेरकराने ओळखायलाच हवी, ती म्हणजे ग्वाल्हेर स्टार. 29 डिसेंबर 1843 ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियारला दोन लढाया झाल्या, आपली फौज हरली, आणि पकडलेल्या आपल्याच तोफांचं कांसं वितळवून इंग्रजांनी जिंकणाऱ्यांसाठी सहा टोकांचे तारे पाडले, मध्ये चांदीचा छोटा तारा. दोन लढायांचे दोन वेगवेगळे. मागे शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते, ती भिंगाखाली वाचा आणि नाव घासून दुसरं कोरलंय का ते बघा. मूळचा तारा हुकाने छातीवर लावायचा होता, कड्या लोकांनी नंतर आपापल्या बसवल्या, म्हणून दोन ताऱ्यांच्या कड्या जुळल्या नाहीत तर लगेच नकली म्हणू नका.

राहिल्या एअर रायफली, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुका. आपल्याकडे त्यांची ओळख मेळ्यातल्या फुगे फोडायच्या दुकानापासून होते. लायसन्सशिवाय चालते ती .177 बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात) आणि छर्ऱ्याचा जोर 20 ज्यूलच्या आत असलेली, .22 असेल तर बोलीच्या आधी विचारून घ्या, नंतर नाही. बीएसए या इंग्रज कंपनीची खाली दांडा असलेली 1905 पासून बनायला लागली, अंगावर तीन रायफली एकमेकींना टेकवलेल्या असतात. डायना या जर्मन कंपनीच्या बंदुकीवर देवी बंदूक उंच धरून उभी आणि धनुष्य पायाशी टाकलेलं. हॉलमध्ये छर्रा न घालता चाप ओढून बघू नका, स्प्रिंग आणि पिस्टन आपटतो आणि ज्याची आहे तो चिडतो ते वेगळंच. नुसतं विचारा की आतला चामड्याचा वॉशर बदललाय का आणि जुना ठेवलाय का. स्क्रूंच्या खाचा बघा, चेपलेल्या असतील तर कोणीतरी घरच्या पेचकसाने उघडलीय.

लॉट मिळाला तर पितळ चमकवायचं ब्रासो कपाटातच राहू द्या, बिल्ल्याचा शंभर वर्षांचा रंग एका दुपारी निघून जातो आणि भावही. पात्याला पातळ तेलाचा हात, बोटांचे ठसे पुसून, आणि चामड्याचं म्यान असेल तर पावसाळ्यात तलवार त्यात ठेवायची नाही, दोन्ही वेगळी ठेवा.