कामाच्या जागेवरील आवाज: आधी मोजा, मग उगमाशीच रोखा

हातभर अंतरावरच्या सहकाऱ्याशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तेथील आवाजाची पातळी ८५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक असण्याची दाट शक्यता आहे, असे समजून रीतसर मोजणी करून घ्यावी. कामगार दिवसभर वेगवेगळ्या यंत्रांजवळ फिरत असेल, तर एका जागी ठेवलेल्या मापकापेक्षा त्याच्या खांद्यावर, कानाजवळ लावलेला डोसमापकच (दिवसभरात कानावर पडलेला एकूण आवाज मोजणारे छोटे उपकरण) खरी मात्रा सांगतो. ८५ डेसिबलला ८ तास ही सर्वसाधारण मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबल वाढीमागे सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलला केवळ २ तास.

उपाय यंत्रापासूनच सुरू करावेत: सैल झालेले पत्रे आवळणे, झिजलेले बेअरिंग बदलणे, हवेच्या नळीच्या तोंडाशी सायलेन्सर बसवणे. इअरप्लग हा शेवटचा उपाय आहे आणि तोही सलग वापरला तरच उपयोगी पडतो. ३० डेसिबलचे संरक्षण देणारा प्लग ८ तासांच्या पाळीत अवघा अर्धा तास काढला, तरी प्रत्यक्ष संरक्षण सुमारे १२ डेसिबलवर येते. फोमचा प्लग बारीक वळून, कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढून आत सरकवावा व तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा.