कुत्र्याला हार्टचा त्रास आहे? रात्री श्वास मोजा

डॉगी गाढ झोपला की मोबाईलवर टायमर लावा आणि छाती वर-खाली झाली की एक, असं 30 सेकंद मोजून दुप्पट करा, रोज, आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. झोपेत मिनिटाला 30च्या वर आकडा टिकून राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, फुप्फुसात पाणी साचत असू शकतं. हिरड्या निळसर-राखाडी दिसल्या तर वाट बघूच नका, निघा. उचलताना छाती दाबू नका, तोंडात पाणी ओतू नका (घरातलं कोणीतरी ओततंच!). मांजर तोंड उघडून धापा टाकतंय किंवा मागचे पाय अचानक गार आणि लुळे पडलेत, तरी इमर्जन्सीच. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल (प्राण्यांचं) सगळ्यांना माहिती असतं, पण तुमच्या जवळ रात्री कोण चालू आहे, ऑक्सिजन आहे का, हे आजच विचारून ठेवा.