ज्वारीच्या बियाण्याला गंधक चोळताना

मंगळवेढ्याकडं आमचं काळं रान आहे, मालदांडी ज्वारीशिवाय दुसरं सहसा पेरत नाही. एका वर्षी पेरणीच्या घाईत बी तसंच पेरलं. कणसं भरली तेव्हा दाण्यांच्या जागी राखाडी पुटकुळ्या, फोडली की आत काजळी. दाणे काणी, म्हणजे दाण्याची काजळी करणारा रोग! सासूबाई म्हणाल्या, "खळ्यावरच घरात आली बघ ही."

त्यांचं खरं होतं. मळताना पुटकुळ्या फुटतात आणि काळी पूड चांगल्या दाण्याला चिकटते. गव्हाच्या काणीबद्दल हेच १७५५ साली फ्रान्सच्या मात्यू तिये यांनी शेतात वाफे पाडून दाखवलं होतं: निरोगी बियाला काळी पूड लावली की पीक काणीचं. पण ती पूड म्हणजे विष, असं त्यांना वाटलं. ती जिवंत बुरशी आहे, हे मोंतोबाँ गावच्या बेनेदिक्त प्रेव्हो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंना अंकुर फुटताना पाहून १८०७ मध्ये मांडलं. तांब्याचा अंश असलेल्या पाण्यात ते अंकुर फुटेनात, म्हणून त्यांनी बियाण्याला मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचं, पाणी सुचवलं. पॅरिसच्या पंडितांना काही ते पटलं नाही.

आपल्याला मोरचूद नको, गंधक पुरे. एकरी ४ किलो बी लागतं. किलोला ४ ग्रॅम, म्हणजे १६ ग्रॅम, ३०० मेशचं, म्हणजे अगदी बारीक, गंधक घ्या. जाडंभरडं घेऊ नका, ते दाण्याला धरत नाही. कोरड्या मडक्यात बी आणि गंधक घालून तोंड फडक्यानं घट्ट बांधायचं आणि दाण्यावर पिवळसर झाक येईपर्यंत हलवत राहायचं. मी नाकातोंडाला पदर बांधते, हातात मोजे घालते. घमेल्यात हातानं कालवलं तर निम्मं गंधक घमेल्यालाच राहतं, वर शिंका वेगळ्या.

ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू खत लावायचं असेल तर गंधकानंतर, अगदी शेवटी. मग सावलीत सुकवून लगेच पेरा. उरलेलं बी कोंबड्यांपुढं टाकू नका, दळायला तर नाहीच नाही.

एक सांगून ठेवते: ज्वारीवर आणखीही काण्या येतात. झिपरी काणी जमिनीतून येते आणि लांब काणी वाऱ्यावरून. त्यांना या गंधकाचा उपयोग नाही. तसलं कणीस दिसलं की फुटायच्या आत त्याला पिशवी घालायची, मग विळा. बांधावर टाकायचं नाही, जाळायचं. आणि पुढच्या वर्षाचं बी धरायचं ते त्या तुकड्यातलं नको. आम्ही आता बियाची कणसं आधीच निवडून वेगळ्या ताडपत्रीवर बडवतो.