लाटेर्ने, सोनं आणि काजूची पूड

सप्टेंबर उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, किटातून चिठ्ठी आलीय, काहीतरी कंदिलाचं आहे. नेमकं काय करायचं असतं?" किटा म्हणजे इथली पाळणाघर-बालवाडी. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला येऊन मला अकरा वर्षं झाली. दोन्ही मुलं किटा संपवून शाळेत गेली, मधली तीन वर्षं मी तिथल्या पालक समितीतही होते. दरवर्षी तोच पाढा फोनवर म्हणण्यापेक्षा यंदा लिहूनच टाकते.

किटात प्रवेश कसा मिळवायचा ते इथे लिहीत नाही, तो वेगळा रामायणाचा भाग आहे. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क इथे ऑगस्ट २०१३ पासून आहे. पण हक्क आणि जागा यांत तेवढंच अंतर आहे, जेवढं आपल्याकडे रेशनकार्ड आणि रॉकेल यांत असायचं. गोवराच्या लशीचा कागद भारतातून येतानाच बरोबर आणा, तो दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत.

आता मुद्द्याचं. इथला शरद आणि आपला शरद अगदी एकमेकांवर येऊन बसतात. २० सप्टेंबरला इथे बालदिन. महिन्याच्या शेवटी आंतरसांस्कृतिक सप्ताह, जो १९७५ पासून देशभर होतो आणि ज्याच्या निमित्ताने किटात हमखास 'तुमच्या देशातलं काहीतरी आणा' अशी चिठ्ठी लागते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुगीचा सण, एर्न्टेडांक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि पाच वाजताच दिवेलागण होते. मग ११ नोव्हेंबरला सांक्ट मार्टिन, म्हणजे संत मार्टिनचा सण, आणि त्याची कंदिलांची मिरवणूक. याच दिवसांत आपला हादगा, दसरा, कोजागरी, दिवाळी. म्हणजे पहिल्याच वर्षी, भाषा धड येत नसताना, तुमच्यावर 'आपली संस्कृती दाखवा' ही जबाबदारी येऊन पडते. आणि तिथेच लोक घसरतात. मी तर चांगलीच आपटले होते. तेच आधी सांगते.

माझी मोठी तेव्हा चार वर्षांची. किटात सगळ्या देशांची न्याहारी होती. मी रात्री जागून नारळाच्या वड्या केल्या. सांगलीला आई करायची तशाच, शुभ्र, खुटखुटीत. डब्यावर कागद चिकटवायला सांगितलं होतं, त्यावर अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं: नारळ, दूध, साखर, वेलची. सकाळी दारातच मुलीच्या बाईंनी विचारलं, "यात नट्स नाहीत ना?" मी म्हटलं, "छे, नाहीत."

वड्यांत काजूची पूड होती. दोन मुठी. खरं सांगते, मी खोटं बोलले नाही. माझ्या डोक्यात ते 'काजू' नव्हतेच. काजू म्हणजे वर लावतात तो. पूड ही वड्या नीट थापल्या जाव्यात म्हणून घालायची गोष्ट, जसं आपण आमटीत पाणी घातलं असं कुणाला सांगत नाही तसं.

अर्ध्या तासात एका मुलाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. किटात त्याचं औषध होतं, ते दिलं, ११२ ला फोन केला, डॉक्टर आले. मुलगा बरा झाला, संध्याकाळी घरीही गेला. पण त्याच्या आईने मला दवाखान्यातून फोन केला तेव्हा ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, "डॉक्टरांना सांगायचंय, काजू होता की शेंगदाणा, आणि एका वडीत साधारण किती?" ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

म्हणून हात जोडून सांगते. दाण्याचं कूट ही आपल्याला सामग्री वाटतच नाही. कोशिंबिरीत कूट, खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, चटणीत कूट. आम्हा सांगली-कोल्हापूरकडच्यांचा भडंग तर शेंगदाण्याशिवाय होतच नाही. इथे शेंगदाणा वेगळा लिहायचा, काजू-बदाम-पिस्ते वेगळे लिहायचे आणि तीळ तिसरे. युरोपात ज्या १४ गोष्टी खाद्यपदार्थांवर सांगाव्याच लागतात त्यांत हे तिन्ही आहेत. मिक्सरच्या ज्या भांड्यात काल कूट केलं त्यात आज मुलांसाठी काही वाटू नका. गावाहून आलेला मसाला, मेतकूट, सासूबाईंनी पाठवलेले लाडू यांतलं काहीही किटाच्या डब्यात जाऊ देऊ नका. आत काय आहे ते त्यांनाही आठवत नसतं. शंका आली तर सरळ सफरचंदं चिरून न्या. कुणी नावं ठेवत नाही.

पदार्थ न्यायचाच तर भोपळ्याचे घारगे. शरदात इथे दुकानात होक्काइडो नावाचा नारिंगी भोपळा येतो, त्याची सालही खाता येते, त्यामुळे सोलण्याची कटकट नाही. किसून गुळात शिजवायचा, मावेल तेवढी कणीक, वेलची, छोटे छोटे थापून तळायचे. वर तीळ लावू नका, कितीही देखणे दिसले तरी. कागदावर गहू लिहा. वेलचीचा वास इथल्या लोकांना नाताळच्या बिस्किटांमुळे ओळखीचा असतो, म्हणून मुलं बिचकत नाहीत. एक मात्र बघा. शेजारच्याच टोपलीत रंगीबेरंगी, गाठीगाठींचे शोभेचे भोपळे ठेवलेले असतात. ते खायचे नसतात, विषारी असू शकतात. तसंच बागेत पडलेले तपकिरी, चकचकीत चेस्टनट. मुलं ते खिसे भरभरून आणतात, काड्या टोचून त्यांचे प्राणी करतात, पण बाजारात भाजून मिळतात ते वेगळे. माझ्या ओळखीच्या एकांनी बागेतले उकडून बघितले होते. दोन दिवस घरी होते.

दुसरी गोष्ट, आणि इथे काही मंडळी रागावतील. किटात 'भारत' घेऊन जाऊ नका. आपल्या लोकांना चिठ्ठी मिळाली की अंगात येतं. प्रोजेक्टर, ताजमहाल, चाळीस स्लाइड, मुलीला टोचरा लेहंगा, मुलाला फेटा, स्पीकरवर सिनेमाची गाणी. समोर तीन ते सहा वर्षांची वीस पोरं, त्यांतली निम्मी नाकात बोट खुपसून कुठेतरी वेगळीकडेच बघतायत. शेवटी स्वतःचं पोर रडायला लागतं, कारण आज आई परकी वागतेय. किटावाल्यांचाही यात वाटा आहे म्हणा. त्यांना भारत म्हटलं की हत्ती, योगा आणि करी एवढंच सुचतं. गोड असतात बिचाऱ्या, पण सहा वर्षांत मला तीन वेळा योगा शिकवायला बोलावलं. मला साधी मांडी घालून अर्धा तास बसवत नाही.

मुलांच्या हातांना काम मिळेल अशी एकच छोटी गोष्ट न्या. आपल्याकडे या दिवसांत अशा गोष्टी इतक्या आहेत की त्यांनी हेवा करावा.

हादगा घ्या. (पुण्याकडचे भोंडला म्हणतात, विदर्भात भुलाबाई, भांडत बसू नका.) अंगणात रंगीत खडूने मोठा हत्ती काढायचा, मुलांनी हात धरून भोवती फेर धरायचा. गाणं कोणतंही चालतं, त्यांचं म्हटलं तरी चालतं. खरी गंमत खिरापतीची. बंद डबा कानाशी हलवायचा आणि आत काय ते ओळखायचं. मी पितळी डबा नेला होता, आत सफरचंदाच्या फोडी. पहिल्या मुलाने हलवला, गंभीर चेहरा करून विचार केला आणि म्हणाला, "हत्ती." मग पुढची पाच मिनिटं प्रत्येकाच्या मते आत हत्तीच होता. भाषा लागत नाही, सजावट लागत नाही आणि बुजरी मुलंसुद्धा डब्याला हात लावायला पुढे येतात.

माझं सगळ्यात लाडकं मात्र दसऱ्याचं सोनं. आपटा इथे कुठला. पहिली दोन वर्षं मी कागदाची पानं कापली. मग एकदा रस्त्याकडेला गिंकोच्या झाडाखाली उभी होते, बसची वाट बघत, आणि एक पान खांद्यावर पडलं. मधोमध चीर, दोन पाळ्या. सांगलीच्या बाजारात टोपलीत असतात त्या पानांचा दूरचा मामेभाऊच. ड्युसेलडॉर्फला गिंको रस्तोरस्ती आहेत. २०२५ सारखा दसरा २ ऑक्टोबरला आला तर पानं अजून हिरवी असतात, तेही बरंच, आपट्याचीही हिरवीच असतात. उशिरा आला तर खरोखर सोन्यासारखी पिवळी मिळतात. खाली पडलेलीच वेचा, तोडताना दिसलात तर कुणीतरी आजोबा थांबून बोलतील. आणि पानांबरोबर जर्दाळूसारखी फळं पडलेली असली तर त्यांना हात लावू नका. वांतीसारखा वास येतो आणि तो बोटांवरून जात नाही.

किटात प्रत्येकाला एकेक पान दिलं आणि शिकवलं, दुसऱ्याला द्यायचं आणि म्हणायचं, "सोनं घ्या." मुलांनी ते 'झोनं' असं ऐकलं. जर्मनमध्ये झोनं म्हणजे सूर्य. एक मुलगी दुसऱ्याच्या हातात पान ठेवून अगदी आदराने म्हणाली, "झोनं." मी दुरुस्त केलं नाही. त्या आठवड्यात रोज ढग होते.

आता सांक्ट मार्टिन. गोष्ट साधी आहे. मार्टिन नावाचा रोमन सैनिक, थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसतो, हा तलवारीने आपला झगा मधून कापतो आणि अर्धा त्याला देतो. पुढे तो फ्रान्सातल्या तूरचा बिशप झाला. ११ नोव्हेंबर हा त्याच्या दफनाचा दिवस. आमच्या ऱ्हाइनकाठी याचं मोठं प्रस्थ. खऱ्या घोड्यावर खरा मार्टिन, मागे बँड, मागे कंदील घेतलेली शेकडो पोरं, शेवटी शेकोटी आणि हातात पावाचा माणूस. त्याला वेकमान म्हणतात, बेदाण्याचे डोळे, तोंडात मातीची चिलीम. अंडं खात नसाल तर आधी विचारा, वरून बहुतेक अंडं फासलेलं असतं. गोळ्या वाटल्या तर जिलेटिनही बघा. गंमत म्हणजे त्याच दिवशी सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी इथला कार्निव्हलही सुरू होतो. त्यामुळे ट्राममध्ये दुपारी विदूषक दिसले आणि संध्याकाळी बिशप, तर तुम्ही चुकीच्या गावात उतरलेला नाही.

"हे चर्चचं आहे, आपण जायचं का?" हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी कुजबुजत विचारतं. जायचं. माझ्या मुलीच्या गटात तुर्की होते, मोरोक्कन होते, दोन जपानी होते, सगळे कंदील घेऊन यायचे. सणाचं नाव बदलून 'सूर्य-चंद्र-ताऱ्यांचा सण' करावं का यावर वर्तमानपत्रांत अधूनमधून वाद झडतो, आणि तो म्हणे आमच्यासारख्यांना वाईट वाटू नये म्हणून. मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर सांगेन, झगा फाडून अर्धा देणाऱ्या माणसाचं नाव आम्हाला अजिबात टोचत नाही.

कंदील, म्हणजे लाटेर्ने, घरी किंवा किटात पालकांनी मुलाबरोबर बसून करायचा असतो. त्यासाठी ऑक्टोबरात एक दुपार ठेवतात. ती चुकवू नका, ऑफिसातून लवकर निघा, इथे तेवढ्यासाठी कुणी काही म्हणत नाही. फुग्यावर खळीने पातळ रंगीत कागदाचे थर चिकटवतात आणि ते वाळायला दिवस लागतात, आदल्या रात्री होणारं हे काम नाही. तो कागद हातात घेतलात की ओळखाल. आपल्या आकाशकंदिलाचाच कागद. इथेही काहीजण त्याला 'द्राखनपापिअर' म्हणतात, शब्दशः पतंगाचा कागद. उरलेला घरी आणा आणि त्यातून बाल्कनीसाठी आकाशकंदील करा, एकाच पसाऱ्यात दोन्ही सण होतात. दुकानातला, कार्टूनचा, बटण दाबलं की गाणारा कंदील घेऊ नका. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने तो नेला आणि सगळ्या मिरवणुकीत शेजारच्या मुलीचा वाकडातिकडा साळिंदर बघत रडत चालला.

पावसाने मिरवणूक सहसा रद्द होत नाही. माट्शहोझं, म्हणजे चिखलातली रबरी पँट, आणि गमबूट सप्टेंबरातच घ्या, ऑक्टोबरात मापं संपतात. प्रत्येक वस्तूवर नाव घाला, मोज्यांवरसुद्धा.

दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, इथल्या लोकांना ते फार खटकतं. दिवाळीला फटाके नाहीत, सामान्य माणसाला ते ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवता येतात. दिवाळीचा एक दिवा किटात न्यायचा असेल तर बॅटरीचा न्या.

आणि मिरवणुकीआधी लाटेर्नेची दांडी, म्हणजे तिचा बॅटरीवरचा दिवा, घरी एकदा लावून बघा. दुकानातून आणली तर आत बॅटऱ्या बहुतेक नसतात, आणि ११ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्या मापाच्या बॅटऱ्या अख्ख्या शहरात मिळत नाहीत.