परसातला आंबा: पाणी तोडा, खोडाला पट्टी बांधा

पाऊस संपला की फळावर आलेल्या आंब्याचं पाणी तोडा. ताण बसला तर मोहोर चांगला निघतो. पाणी चालू ठेवलं की झाड नुसती पालवी फेकतं. फळं वाटाण्याएवढी झाली की पाणी पुन्हा सुरू करा. नव्या कलमांना हे लागू नाही, त्यांना हिवाळाभर पाणी हवंच.

मग खोड. गेरूपेक्षा बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, बरी. 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या भांड्यांत, अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवा. भांडी मातीची किंवा प्लास्टिकची, धातूची नकोत. चुना निवल्यावर दोन्ही एकत्र ढवळा आणि लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहा. तांबूस थर आला तर आणखी चुना घाला. त्याच दिवशी तीन फूट उंचीपर्यंत लावून संपवा. शिळी पेस्ट कुचकामी.

डिसेंबरात पिठ्या ढेकणाची (रस शोषणारी पांढरी कीड) पिल्लं मातीतून निघून खोडावर चढू लागतात. त्याआधी सालीच्या भेगा चिखलाने बुजवा, नाहीतर ती पट्टीखालून आरामात वर जातात. जमिनीपासून फूटभर उंचीवर 25 ते 30 सेंटिमीटर रुंद, जाड, गुळगुळीत प्लास्टिक गुंडाळा, दोन्ही कडा सुतळीने आवळा आणि खालच्या कडेला ग्रीस फासा. ग्रीस प्लास्टिकवरच, सालीवर नाही. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा. आणि हो, झाडाला बांधलेली कपड्यांची दोरीही सोडा, पिल्लांना तीही वाट चालते. एप्रिलमध्ये पट्टी काढा; तशीच राहिली तर आत ओल धरून साल कुजते.