कागद गिरणीच्या गाळापासून लॅक्टिक आम्ल : या चुका टाळा

कागद गिरणीच्या सांडपाण्याच्या पहिल्या टाकीत तळाला बसणारा राखाडी गाळ म्हणजे आयते सेल्युलोज. एन्झाइमने त्याची साखर करायची आणि जिवाणूंचे विरजण लावून लॅक्टिक आम्ल काढायचे, एवढेच गणित डोक्यात धरून नवे लोक कामाला लागतात. त्या गाळात आखूड तंतूंच्या जोडीला चिनी माती आणि कॅल्शियम कार्बोनेटही असते, हे त्यांना टाकी उतू गेल्यावर कळते.

आमचीही गेली होती. सेल्युलोजची साखर करणाऱ्या सेल्युलेज एन्झाइमला साधारण ४.८ ते ५ सामू (pH) मानवतो आणि आमचा गाळ ८ च्या आसपास होता, म्हणून उतावळ्या मदतनिसाने सौम्य केलेले सल्फ्युरिक आम्ल एकदम ओतले. एक किलो कॅल्शियम कार्बोनेटला जवळपास तेवढेच शुद्ध आम्ल लागते आणि त्यातून खोलीच्या तापमानाला सुमारे २४० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो लगद्यात अडकला आणि फेस झाकण उचलून जमिनीवर आला. मीटरवर ५ दिसताच गड्याने एन्झाइमही टाकले. रात्रीतून तंतूंमध्ये दडलेले कार्बोनेट विरघळत राहिले, सकाळी सामू ६.५ च्या वर होता, महागडे एन्झाइम वाया गेले आणि आम्ल आणि कार्बोनेटपासून बनून तळाला बसलेले जिप्सम खरवडण्यात माझा दिवस गेला. तेव्हापासून नवे पिंप आले की मी आधी वाटीभर गाळावर व्हिनेगर टाकून तो किती फसफसतो ते पाहतो, आम्ल ढवळत थोडे थोडे घालतो आणि रात्रभर थांबून सामू पुन्हा मोजतो. सकाळपर्यंत थांबायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी या कामात पडू नये.

गाळ टिकावा म्हणून तो उन्हात वाळवू नका. वाळताना तंतूंमधली सूक्ष्म छिद्रे मिटतात, पुन्हा भिजवूनही ती पूर्ण उघडत नाहीत आणि एन्झाइमला आत शिरता येत नाही. मी तो ओलाच, थंड जागी ठेवतो.

सगळा गाळ एकदम टाकू नका. तो पाणी पितो आणि ढवळणी अडकते, म्हणून हप्त्याहप्त्याने घाला. उतारा गाळाच्या एकूण वजनावर काढू नका : १०० ग्रॅम सेल्युलोजपासून फार तर १११ ग्रॅम ग्लुकोज मिळते, मातीपासून काहीच नाही.

विरजणासाठी बॅसिलस कोॲग्युलन्स हा जिवाणू मला आवडतो, कारण तो ५० अंश सेल्सिअसला एन्झाइमच्या जोडीने काम करतो आणि तयार होणाऱ्या आम्लाला गाळात उरलेले कार्बोनेटच शमवते. मात्र त्यातून कॅल्शियम लॅक्टेट बनते, तेव्हा द्रावण गरम असतानाच गाळून घ्या. एका सुट्टीनंतर मला नळीत ते खडीसाखरेसारखे गोठलेले सापडले होते.